सांग तुझ्या बाबाला

१

आमच्यात अबोला होता, आणि मला त्याचा अभिमान होता. लोक सकाळी अबोला धरतात आणि संध्याकाळी चहाचा कप पुढे आला की विरघळतात. मी त्यातली नाही. धरलं की धरलं.

कारणही साधं होतं. नवरा गॅलरीत उभा राहून त्याच्या आईला म्हणाला होता, "बाळ झाल्यापासून हिला काही जमतच नाहीये गं." मी स्वयंपाकघरात होते, दार बंद होतं, मिक्सर चालू होता. तरी ऐकलं. मी ऑडिओलॉजिस्ट आहे. लोकांचे कान तपासण्यावर माझं पोट चालतं, माझे स्वतःचे कान तर विचारूच नका. तो मला पूर्वी कौतुकानं 'कानसेन' म्हणायचा. मी त्याला 'पिठ्या' म्हणायचे, कारण तो बेकरीतून घरी यायचा तेव्हा त्याच्या भुवयांत, कानांच्या पाळ्यांवर, सगळीकडे पीठ असायचं. गोटी झाली आणि ती दोन्ही नावं कुठे गेली कोण जाणे. मी 'आई' झाले, तो 'बाबा' झाला.

गोटी म्हणजे आमची मुलगी. गोल, गुळगुळीत आणि हातातून निसटणारी. तेव्हा ती अजून बसायलाही शिकली नव्हती.

पण घर चालवायचं तर काहीतरी बोलावं लागतंच. सुरुवात त्यानं केली. लंगोट सापडेनात तेव्हा त्यानं माझ्याकडे पाठ केली आणि तिला म्हणाला, "गोटे, तुझ्या आईला विचार, तुझे कपडे कुठे लपवलेत?"

मीही तिच्याकडेच बघत म्हटलं, "गोटे, सांग तुझ्या बाबाला, डोळे असतील तर कपाटात बघ म्हणावं."

तेव्हापासून 'म्हणावं' हा आमच्या घरातला सगळ्यात राबणारा शब्द झाला. दूध आण म्हणावं. दिवा बंद कर म्हणावं. घोरू नकोस म्हणावं. गोटी मधे पडून एकदा त्याच्याकडे बघायची, एकदा माझ्याकडे. तिला हा खेळ फार आवडायचा.

२

तो उजाडायच्या आधी बेकरीत जायचा आणि दुपारी परत यायचा. आला की जेवून गोटीला छातीवर घ्यायचा आणि दोघंही गाढ झोपायची. मग मी क्लिनिकला निघायचे आणि संध्याकाळी परत यायचे. खो दिल्यासारखे आम्ही एकमेकांना उठवून पळत होतो.

एका सकाळी मी गोटीला न्हाऊ घालत होते. स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता. ठिबकणारा नळ माझ्यासारखीच्या डोक्यात खिळ्यासारखा शिरतो. मी तिच्या अंगावर पाणी ओतत म्हटलं, "सांग तुझ्या बाबाला, नळाला वॉशर आण म्हणावं. आणि रबरी आण, पितळी नको."

तो तेव्हा बेकरीत होता. घरात आम्ही दोघीच होतो.

संध्याकाळी घरात पाऊल टाकलं तर काहीतरी कमी वाटलं. मी दारातच थांबून ऐकलं. नळ गप्प होता.

"गोटे," तो तिला कडेवर घेऊन म्हणाला, "तुझ्या आईला सांग, रबरीच बसवलाय. पितळी नाही."

मी चपला काढत होते. एक चप्पल हातातच राहिली.

मग मी स्वतःला समजावलं. नळ त्यालाही ऐकू येतो. वॉशर दोनच प्रकारचे मिळतात. योगायोगाला काही लाज नसते, तो कुठेही येऊन बसतो.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता, अर्धवट झोपेत असताना, अगदी कानाशी त्याचा आवाज आला. "दमलीस ना."

बस, एवढंच. त्यात गोटी नव्हती, 'म्हणावं' नव्हतं. डोळे उघडले तेव्हा तो निघून गेला होता. माझ्या उशीशी गोटी जागी होती आणि माझ्याकडे बघत होती.

तर साहेबांनी हार मानली! पहिल्यांदा तो बोलला. मी काही उत्तर दिलं नाही, देणारही नव्हते. एका वाक्यावर विकली जाणारी मी नव्हे. पण त्या दिवशी क्लिनिकमध्ये मी गुणगुणत होते, आणि आमची रिसेप्शनिस्ट मला म्हणाली, "काय, आज स्वारी खुशीत?"

३

सासूबाई समोरच्याच गल्लीत राहतात. त्यामुळे त्या कधीही येतात, आणि आल्या की त्यांना काहीतरी दिसतंच.

"तुमच्या भांडणात त्या लेकराला टपाल्या करू नका," त्या म्हणाल्या. "बोलायचं तर सरळ बोला. आमच्या वेळी आम्ही सरळ भांडी आपटायचो."

"म्हणून तुमच्याकडची सगळी पातेली चेमटलेली आहेत," मी म्हटलं.

"चेमटली, पण फुटलं तर काही नाही."

मला म्हणींचा आणि 'आमच्या वेळी'चा कंटाळा आहे. मला पुरावा लागतो. म्हणून त्या गेल्यावर मी पुरावाच घ्यायचं ठरवलं.

मी गोटीला घेऊन न्हाणीघरात गेले, दार लावलं, आणि तिच्या कानाला ओठ टेकवून श्वासाएवढ्या आवाजात म्हटलं, "सांग तुझ्या बाबाला, निळी बादली आण म्हणावं."

आम्हाला बादली नको होती. निळं तर आमच्याकडे काहीच नाही. मुद्दामच असं काही निवडलं होतं, जे माणूस आपणहून आणणार नाही.

गोटीचे पाय चालू होते ते थांबले. तिनं मान वळवून माझ्या तोंडाकडे पाहिलं. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे.

संध्याकाळी बाहेरच्या खोलीच्या मधोमध निळी बादली ठेवलेली होती. दुकानाचा कागद अजून तिला चिकटलेला होता.

"गोटे, आईला विचार," तो म्हणाला, "घरात बादल्या असताना ही कशाला पाहिजे होती? आणि निळीच का?"

मी बादली उचलली. बादलीत पाणी भरून ती न्हाणीघरात ठेवली, जणू मला ती खरंच हवी होती.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर मी घर धुंडाळलं. त्यानं कुठेतरी फोन लपवून ठेवला असणार, माझं बोलणं टिपून घेत असणार. गादी उलटवली, घड्याळामागे बघितलं, पाळण्याच्या खाली हात घातला. एक हरवलेला चमचा सापडला. बाकी काही नाही. तरी मी ठरवून टाकलं की हा माझ्यावर पाळत ठेवतोय. मला राग हवा होता. भीतीपेक्षा राग बरा, रागात पाठ ताठ राहते.

४

त्या आठवड्यात बेकरीची भट्टी दुरुस्तीला काढली होती. जुनी विटांची भट्टी, तोंड लहान आणि पोट एवढं मोठं की थंड असताना माणूस सरपटत आत जाऊन आडवा होऊ शकतो. नवरा रोज आत शिरून गवंड्याला झिजलेल्या विटा दाखवायचा आणि घरी काजळीनं काळा होऊन यायचा. घरात दोन शब्द धड बोलत नव्हता, पण सासूबाईंना त्या भट्टीच्या घुमटाचं वर्णन असं ऐकवायचा, की वाटावं बाळ तिलाच झालंय. मग दुरुस्तीनंतरच्या पहिल्या जाळाचा दिवस आला; जाळ संध्याकाळी लावायचा होता.

त्या सकाळी मला गोटीच्या धुतलेल्या कपड्यांवर त्याचा काजळीचा शर्ट पडलेला दिसला. ते सगळे कपडे मी हातानं धुतले होते.

"गोटे," मी तिच्यासमोर तो शर्ट नाचवत म्हटलं, "सांग तुझ्या बाबाला, भट्टी एवढी लाडकी आहे ना, तर तिच्यातच जाऊन झोप म्हणावं. कायमचा!"

तोंडाला सवय लागलेली असते. बोलले, शर्ट बादलीत टाकला आणि विसरून गेले.

दुपारी तो आला आणि आम्ही भांडलो. गोटी मधे, पलंगावर.

"सांग तुझ्या बाबाला, लपून माझं बोलणं ऐकतो, लाज नाही वाटत का म्हणावं!"

"गोटे, आईला विचार, कोण लपलंय? वॉशर आण, बादली आण, रोज तीच सांगते की मला!"

"विचार त्याला, कधी सांगितलं? मी तर त्याच्याशी बोलतसुद्धा नाही!"

त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. जिंकलेल्या माणसाचं हसू. "आईला सांग गोटे, दुपारी मी तुला घेऊन झोपलेला असतो, तेव्हा जाता जाता कानात येऊन सांगते ती. अगदी हळू. आणि आता नाही म्हणतेय! पहिल्यांदा तीच बोलली. मी मोठ्या मनानं गप्प बसलो, एवढंच."

"मी? सांग त्याला, पहिल्यांदा तो बोलला! पहाटे कानाशी येऊन 'दमलीस ना' कोण म्हणालं?"

त्याचं हसू गेलं. "मी? पहाटे मी बूटसुद्धा हातात घेऊन बाहेर पडतो. तुम्ही उठू नये म्हणून."

आम्ही दोघंही गोटीकडे बघत होतो, कारण एकमेकांकडे बघायची सवय गेली होती. गोटी मूठ चोखत होती.

'खोटारडा', मी मनात म्हटलं. पर्स उचलली आणि दार आपटून निघाले.

५

आमच्याकडे शब्दांची एक तपासणी असते. पेशंट आवाज न येणाऱ्या खोलीत हेडफोन लावून बसतो. मी काचेच्या या बाजूला, तोंडासमोर एक पुठ्ठा धरून, एकेक शब्द बोलते. पुठ्ठा अशासाठी की त्यानं ओठ वाचू नयेत. कमी ऐकू येणारी माणसं नकळत ओठ वाचायला शिकतात आणि आपल्याला ऐकू येतंय असं समजतात. पेशंटनं फक्त ऐकायचं आणि ऐकलं ते परत म्हणायचं.

त्या दुपारी एक निवृत्त मास्तर आले होते.

"पान," मी म्हटलं.

"पान."

"दोरी."

"दोरी."

"गट्टी."

"भट्टी," मास्तर म्हणाले.

"नीट ऐका हं. गट्टी."

"भट्टीच म्हणताय तुम्ही," मास्तर ठासून म्हणाले. "माझे कान गेले असतील, अक्कल नाही गेली."

पुठ्ठा माझ्या हातातून खाली आला.

दुपारी त्याच्या कानाशी कुणीतरी बोलतं. माझ्या आवाजात. आणि तो ऐकतो. बादली आण म्हटलं तर बादली आणतो. कानात हळू बोलणारी बायको त्याला किती दिवसांनी परत मिळाली होती. तिनं काहीही सांगितलं असतं तरी त्यानं केलं असतं.

आणि सकाळी मी काय सांगितलं होतं?

फोन लावला, तो उचलेना. मी मास्तरांना त्या खोलीत तसंच बसवून पळाले. ते आतून विचारत होते, "झालं का? पास की नापास?"

६

दार सासूबाईंनी उघडलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मग मागे वळून आतल्या खोलीकडे पाहिलं.

"तू बाहेरून कशी आलीस?"

"म्हणजे?"

"अगं, आत्ता आतून बोलत होतीस ना तू? मी म्हटलं, घरी आहे तर मला कशाला बोलावून घेतलं यानं."

"तो कुठाय?"

"बेकरीत गेला परत. गोटीजवळ बस म्हणाला. आणि असा काही दिसत होता... झोपेत चालल्यासारखा. तिनं सांगितलंय म्हणाला. काय सांगितलंस तू त्याला?"

आतल्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. मी तिकडे गेले नाही. आधी बेकरीत फोन लावला. तिथल्या भट्टीवाल्या काकांनी उचलला.

"काका, हा आहे का तिथे?"

"आला होता मघाशी. चपला इथंच दिसतायत. आसपास असेल. आम्ही पहिल्या जाळाची तयारी करतोय बघ, तोंडाशी लाकडं रचून झाली."

"काडी लावू नका! आत बघा. भट्टीच्या आत बघा!"

"आत काय बघायचंय पोरी..."

"काका, बघा म्हणते ना!"

लाकडं ओढल्याचा आवाज आला. मग काकांचा श्वास ऐकू आला. मग, "अरे देवा. आत आडवा झालाय. डोक्याखाली हात घेऊन. ए! ए, ऊठ! बाहेर ये!" आणि मग मला, "उठत नाही गं. हाक मारली तर नुसता हसतो."

"फोन स्पीकरवर टाका आणि आत धरा."

फोनमधला आवाज बदलला. विटांच्या पोकळीत सगळे आवाज गोल होतात. त्यात मला त्याचा श्वास ऐकू आला.

आता बोलायचं होतं. मी. पहिल्यांदा. मधे कुणी नाही, 'म्हणावं' नाही.

"अरे ऊठ," मी म्हटलं. "मी बोलतेय. बाहेर ये."

"ऐकलं गं," भट्टीतून तो म्हणाला, इतक्या मायेनं की मला रडूच आलं. "झोपतोय ना आता."

आणि आतल्या खोलीतून, लोटलेल्या दाराआडून, माझाच आवाज हळूच म्हणाला, "झोप, बाबा."

सासूबाई मटकन खुर्चीत बसल्या.

फोनमधून तो आवाज त्यालाही ऐकू गेला असणार. त्यानं समाधानाचा सुस्कारा सोडला. माझा आवाज आणि तो आवाज, यांत मला फरक करता येत नव्हता. मला! मग त्याला कसा येणार? मी काहीही म्हटलं तरी ते दुसऱ्या तोंडून आधीच म्हणून झालेलं होतं. ऊठ, ये, ऐक, मी बोलतेय. सगळे शब्द त्या आवाजाकडे होते. मी माझ्या हातानं ते रोज भरवले होते.

बाबा. तो आवाज त्याला 'बाबा' म्हणाला होता. मीही त्याला तेच म्हणत होते, गोटी झाल्यापासून. तेव्हापासून या घरात त्याचं दुसरं नाव कुणाच्या कानावर पडलंच नव्हतं.

"पिठ्या!" मी ओरडले. "पिठ्या, ऊठ तिथून! मी आहे, कानसेन. चुकलं माझं. तुला सोडून मला नाही जमत, ऐकतोयस का? नाही जमत! पिठ्या!"

भट्टीत काही हललं. मग खोकला आला, काजळी गिळल्यासारखा.

"कानसेन?" तो म्हणाला. त्याचा आवाज झोपेतून उठल्यासारखा जड आणि घाबरलेला होता. "मी कुठे आहे गं? इथे... इथे काही दिसत नाहीये."

"आवाजाच्या दिशेनं ये. सरपटत ये. काका, हात द्या त्याला!"

पलीकडे ओढाताण झाली, लाकडं गडगडली, काका देवाचं नाव घेत शिव्या घालत होते. फोन कानाला लावून मी मान वळवली, आणि लोटलेल्या दाराच्या फटीतून मला पाळणा दिसला.

गोटी माझ्याकडेच बघत होती, माझ्या ओठांकडे. माझ्या धंद्यात ओठ वाचता येतातच. तिनं ओठ मिटले आणि उघडले. जीभ वर लागली. पुन्हा मिटले, पुन्हा उघडले.

पि. ठ्या.

आवाज नव्हता. अजून नव्हता.

७

हो, पहिल्यांदा मी बोलले. कुणाला सांगायला मला लाज वाटत नाही. अबोल्याचा होता त्याहून जास्त अभिमान मला त्या हाकेचा आहे.

पिठ्यानं त्या दिवसानंतर गॅलरीतून कुणाला काही सांगितलेलं नाही. जमत नसेल तर तो माझ्या तोंडावर सांगतो, मी त्याच्या तोंडावर. पातेली चेमटतात. सासूबाई 'मी म्हटलं नव्हतं का?' असं एकदाही म्हणाल्या नाहीत, आणि मीही त्यांना ती संधी दिली नाही. फक्त आतल्या खोलीत त्या आता एकट्या जात नाहीत.

घरात आमचे दोनच नियम आहेत. गोटीकडून निरोप सांगायचा नाही. आणि आवाजावर विश्वास ठेवायचा नाही. दुसऱ्या खोलीतून हाक आली तर ओ द्यायची नाही. झोपेत कानाशी कुणी बोललं तर आधी डोळे उघडायचे. बोलायचं असेल तर समोर यायचं, हनुवटी वर करायची आणि एकमेकांच्या ओठांकडे बघत बोलायचं. मी त्याला ते शिकवलं, जसं मी माझ्या पेशंटना शिकवते. मीठ पाहिजे असलं तरी तो उठून माझ्यासमोर येऊन उभा राहतो.

लोकांना कौतुक वाटतं. रिसेप्शनिस्ट जेवायला आली होती. म्हणाली, "मूल झालं की नवरा-बायको एकमेकांचं तोंड बघेनासे होतात, आणि तुम्ही बघा!" माझी मान ताठ झाली. का होऊ नये? आम्ही हे कमावलंय.

गोटी आता बसायला लागली आहे. बोलत मात्र नाही, एक अक्षरही नाही. तिचे कान मी तपासलेत, उत्तम आहेत. आम्ही बोलायला लागलो की ती खेळणं बाजूला ठेवते, सरकत सरकत बरोबर आमच्या मधे येऊन बसते आणि एकदा त्याच्या ओठांकडे बघते, एकदा माझ्या.